हाताचा परवाना : रंगभूषेच्या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

रंगभूषा शिकायला येणाऱ्यांकडून पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न हमखास येतो : कोणता कोर्स केला म्हणजे लायसन्स मिळते? प्रश्न रास्त आहे. फी घरच्यांनी भरलेली असते, नातेवाइकांपैकी कोणीतरी ‘हे काय शिक्षण झाले?’ असे विचारलेले असते आणि सरकारी शिक्क्याचा एखादा कागद हाती आला तर ही बोलणी तरी थांबतील, अशी आशा असते. उत्तर मात्र अनेकांना चकित करते. भारतात रंगभूषाकार म्हणून काम करायला सरकारचा व्यक्तिगत परवाना लागत नाही. तसा परवाना देणारे मंडळच नाही. वकिलाला सनद लागते, औषधविक्रेत्याला नोंदणी लागते, रिक्षाचालकाला बिल्ला लागतो. दुसऱ्याच्या बुबुळापासून काही मिलिमीटरवर पेन्सिल फिरवणाऱ्याला यांपैकी काहीच लागत नाही.

म्हणून या क्षेत्राकडे कायद्याचे लक्षच नाही असे समजू नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनी प्रसाधनांवर चांगलाच पहारा ठेवला आहे. लिपस्टिक तयार करून विकायची तर उत्पादनाचा परवाना हवा. वेष्टनावर परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत हवी. रंग येण्यासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे वापरायला मनाई आहे. रंगद्रव्यात अशुद्धी म्हणून उरणाऱ्या शिशाची मर्यादा दहा लाखांत २० भाग आणि आर्सेनिकची २ भाग अशी ठरलेली आहे. थोडक्यात, आपल्याकडे डबीला परवाना लागतो, डबी उघडणाऱ्या हाताला लागत नाही. हाताचा परवाना ज्याचा त्याने कमवायचा असतो. तो कसा कमवायचा, आजवर तो कोणी कोणाला दिला आणि कोणाला नाकारला, आणि त्याच्या जोरावर पोट कसे भरते, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.

ज्या विद्येच्या दारात तुम्ही उभे आहात, ती जुनी आणि मानाची आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. त्यांतला चौथा वेशभूषा आणि रंगभूषेचा. आहार्याचे पुन्हा चार विभाग : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. यांपैकी अंगरचनेत पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा हे मूळ रंग देऊन त्यांच्या मिश्रणातून होणारे रंग सांगितले आहेत, आणि कोणत्या पात्राला कोणता रंग द्यावा याचाही विचार केला आहे. आजच्या संस्थेत पहिल्या तासाला फळ्यावर जे रंगचक्र काढतात, त्याचा हा पूर्वजच. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, भरताने रंगभूषेला अभिनयातच गणले. पात्र सांगण्याच्या कामात तिचा वाटा नटाच्या आवाजाइतकाच धरला. हे एकदा मनात पक्के झाले की ‘मेकअप म्हणजे गोरे आणि सुंदर करणे’ हा समज आपोआप गळून पडतो.

हात कोणाचा असावा, याबाबत आपल्या परंपरेत दोन रीती दिसतात. कोकणातल्या दशावतारात नट आपल्या पेटीसमोर बसून आपला चेहरा आपणच रंगवतो. संकासुर असो की स्त्रीपात्र असो, बोटे त्याचीच. केरळच्या कथकलीत याच्या उलट चाल आहे. तिथे चेहऱ्याच्या कडेने तांदळाचे पीठ आणि चुना यांची जी उठावदार चुट्टी बसवतात, ती बसवणारा कलाकार वेगळा असतो आणि केरळ कलामंडलम्‌सारख्या संस्थेत चुट्टीचे शिक्षण हा स्वतंत्र विषय आहे. मराठी व्यावसायिक रंगभूमीनेही पहिल्या रीतीकडून दुसरीकडे प्रवास केला. रंगपटात नटाच्या मागे उभा राहणारा स्वतंत्र रंगभूषाकार आला आणि कालांतराने जाहिरातीत, श्रेयनामावलीत, राज्य नाट्य स्पर्धेच्या बक्षिसांत त्याचे नाव आले.

त्या जुन्या रंगपटातली सामग्री आज आठवली तरी अंगावर काटा येतो. सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुरदाडशिंग, काजळ आणि हे सगळे खलायला खोबरेल तेल. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. सफेद्यातही शिशाचे कार्बोनेट असू शके. खेळ संपला की तेलाने पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचे. युरोपातही स्थिती फार निराळी नव्हती. लुडविग लाइखनर नावाच्या ऑपेरागायकाने १८७३ मध्ये बर्लिनमध्ये कारखाना काढून शिसे नसलेल्या, मेदात घोटलेल्या रंगाच्या कांड्या विकायला आणल्या. रंगभूमीवर रोज चेहरा रंगवणाऱ्या माणसानेच हा धंदा काढला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढचे मोठे बदल प्रकाशाने आणि कॅमेऱ्याने घडवले. मूकपटांच्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबडा रंग टिपत नसे. लाल ओठ पडद्यावर काळे दिसत आणि गालावरची लाली डाग वाटे. म्हणून नटांना सेटवर विचित्र पिवळट-निळसर रंग लावावे लागत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली, दिवे बदलले आणि आधीचे सगळे आडाखे रद्द झाले. हॉलिवुडमध्ये मॅक्स फॅक्टरने १९१४ मध्ये पातळ, लवचीक ग्रीसपेंट केले होते. रंगीत चित्रपटासाठी त्याच्या कंपनीने केलेले ‘पॅनकेक’ १९३८ मध्ये बाजारात आले आणि आपल्या रंगपटांत तो शब्द इतका मुरला की, ओल्या स्पंजाने लावायच्या बेसला आजही कित्येक जण पॅनकेकच म्हणतात. अलीकडे एचडी कॅमेऱ्याने जाड थर उघडे पाडले आणि एलईडी दिव्यांनी त्वचेच्या छटा पुन्हा हलवल्या. प्रत्येक वेळी कारागिराला आपली विद्या नव्याने मांडावी लागली. तुम्ही आज जे तंत्र शिकाल, ते दहा वर्षांनी याच रूपात उपयोगी पडेल असे नाही. प्रकाश आणि अंतर यांना चेहरा कसा दिसतो, हे ओळखण्याची नजर मात्र कायम उपयोगी पडेल.

मराठी माणसांनी या कलेत मोठे काम करून ठेवले आहे. रंगभूषाकार बाबा वर्दमांकडे शिकलेले पंढरी जुकर हे हिंदी चित्रसृष्टीतले सर्वपरिचित ‘पंढरीदादा’. ‘परदेसी’ (१९५७) या भारत-सोव्हिएत चित्रपटाच्या निमित्ताने ते मॉस्कोला गेले आणि तिथल्या पद्धती शिकून आले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या हाताखालून कित्येक नामवंत रंगभूषाकार तयार झाले होते. व्यावसायिक रंगभूमीवर कृष्णा बोरकरांचे नाव असेच आदराने घेतले जाते. ‘रणांगण’सारख्या नाटकात मोजक्या नटांकडून अनेक ऐतिहासिक व्यक्तिरेखा उभ्या करायच्या, त्याही दोन प्रवेशांमधल्या थोड्या अवधीत, हे त्यांनी करून दाखवले. विक्रम गायकवाडांनी ‘सरदार’मध्ये परेश रावलांचा वल्लभभाई पटेल केला. ‘बालगंधर्व’ (२०११) आणि ‘द डर्टी पिक्चर’ या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या सुबोध भाव्यांना त्यांनी बालगंधर्व केले, त्यांनाच चार वर्षांनी ‘लोकमान्य’मध्ये टिळक केले. हे दोन चित्रपट पाठोपाठ पाहा. एकाच हाडाच्या चेहऱ्यावर केवढे अंतर काटता येते, हे पुस्तकाच्या दहा पानांपेक्षा त्यातून लवकर कळेल. २०२५ च्या मे महिन्यात गायकवाड गेले. राष्ट्रीय पुरस्कारांत रंगभूषेचा स्वतंत्र विभाग २००६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला, म्हणजे या पिढीच्या बऱ्याच मोठ्या कामाला तो मानही उशिराच लाभला.

वरच्या नावांत एकही स्त्री नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. तो योगायोग नव्हता. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकारांची, वेशभूषा आणि केशभूषा सांभाळणाऱ्यांची एक संघटना आहे आणि ती ट्रेड युनियन्स अधिनियम, १९२६ खाली नोंदली गेली होती. सेटवर काम करायचे तर या संघटनेचे कार्ड हवे. सरकारने हाताला परवाना दिला नाही, ती जागा या कार्डाने घेतली. आणि जवळजवळ सहा दशके नियम असा होता की, रंगभूषाकाराचे कार्ड पुरुषालाच मिळेल. स्त्रीने हेअरड्रेसर व्हावे. स्त्रिया या कामात आल्या तर पुरुषांची रोजी बुडेल, हे त्यामागचे कारण उघडपणे सांगितले जाई. ज्या स्त्रियांनी तरीही हे काम केले, त्यांच्यातल्या कित्येकींनी व्हॅनिटी व्हॅनच्या बंद दारामागे केले. चेहरा त्यांनी रंगवायचा आणि सेटवर टचअपला पुरुष सहकाऱ्याने जायचे.

चारू खुराना यांनी कॅलिफोर्नियातल्या संस्थेत रंगभूषेचे शिक्षण घेतले होते. २००९ मध्ये त्यांनी कार्डासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. कार्डाशिवाय काम केले म्हणून त्यांना दंडही झाला. त्या इतर काही जणींसह सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी निकाल दिला. त्या वेळच्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम २१ प्रमाणे वयाची १५ वर्षे पूर्ण केलेली कोणतीही व्यक्ती युनियनची सदस्य होऊ शकत होती. तिथे स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. समानतेचा आणि उपजीविकेचा हक्क राज्यघटनेने दिलेला असताना नोंदणीकृत संघटनेला असा नियम ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. स्त्रियांना वगळणारे कलम गेले आणि त्यासोबत महाराष्ट्रात पाच वर्षे राहिल्याची अटही गेली. या निकालाचे महत्त्व एका व्यवसायापुरते नाही. पण आपल्यासाठी त्यातून निघणारा धडा नेमका आहे. संघटनेचे कार्ड गरजेचे असते. कामाचे तास, ठरलेला मोबदला, अडकलेले पैसे यांसाठी एकट्या कारागिरामागे उभे राहायला संघटनाच लागते. मात्र कार्ड देताना कामाऐवजी माणूस कोण आहे हे पाहिले जाऊ लागले की कसब राहते बाजूला आणि कार्डाची भिंत होते. ६९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘गंगूबाई काठियावाडी’साठी प्रीतीशील सिंग डिसोझा यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा या भिंतीआड किती गुण अडून राहिला असेल याचा अंदाज आला.

आता शिक्षणाकडे वळू. दारे बरीच आहेत. आयटीआयमध्ये दहावीनंतरचा एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे. फी कमी आणि पाया बरा. राष्ट्रीय कौशल्य व्यवस्थेत ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलने वधू, फॅशन आणि छायाचित्रणासाठीच्या रंगभूषेची पात्रता ठरवली आहे आणि तिचे प्रमाणपत्र देशभर मानले जाते. झुरिकची सिडेस्को, तसेच इतर परदेशी संस्थांच्या पदविका खासगी अकादम्यांतून मिळतात. महाग असतात, पण परदेशात किंवा क्रूझवर काम करायचे असेल तर त्यांची मदत होते. नाटकाचे अंग हवे असेल तर पुण्याचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय इथे रंगभूषा ही नाट्यशिक्षणाचा भाग म्हणून शिकवली जाते. यांपैकी कोणताही कागद म्हणजे परवाना नव्हे. तो तुम्ही काही तास, काही चेहऱ्यांवर काम केल्याचा पुरावा आहे. म्हणून प्रवेश घेताना संस्थेच्या भिंतीवरच्या नट्यांच्या तसबिरी पाहू नका. तीन गोष्टी विचारा. कोर्समध्ये प्रत्यक्ष किती चेहऱ्यांवर काम मिळते? त्यांत सावळे, वयस्क, पुरुषांचे, मुरुमांचे चेहरे किती? आणि काम उन्हात, ट्यूबलाइटमध्ये, रंगमंचाच्या दिव्यात तपासून पाहतात की फक्त रिंगलाइटसमोर फोटो काढतात?

शिकण्याचा खरा मोठा भाग त्यानंतर, कोणाच्या तरी हाताखाली होतो. असिस्टंट म्हणून पहिल्या वर्षी तुम्ही ब्रश धुवाल, बॉक्स लावाल, क्रेपचे केस विंचरून ठेवाल, स्पिरिट गमची बाटली बंद आहे ना ते पाहाल, आणि कंटिन्युइटीचे फोटो काढून ठेवाल. हे हलके काम नाही. मालिकेत एखाद्या पात्राच्या कपाळावरची जखम सोमवारी चित्रित होते आणि त्याच प्रसंगाचा उरलेला तुकडा पुढच्या गुरुवारी. जखम अर्ध्या सेंटीमीटरने सरकली तर घरी बसलेल्या आजीच्याही ते लक्षात येते. जखम कुठे होती, किती सुकली होती, रक्ताची धार कोणत्या बाजूला गेली होती, हे तुमच्या नोंदीत हवे. पुढे सिलिकॉन, फोम लेटेक्स, जिलेटिन यांनी केलेले प्रॉस्थेटिक काम शिकायचे असेल तर शिल्पकलेशी आणि थोड्या रसायनशास्त्राशी मैत्री करावी लागते. चेहऱ्याचा साचा घेताना नटाच्या नाकपुड्या मोकळ्या ठेवणे हे त्या विद्येतले पहिले कर्तव्य.

चेहऱ्याचा अभ्यास म्हणजे आधी त्वचेचा अभ्यास. तिची वरची छटा आणि आतली छटा वेगळी असते. दोन व्यक्तींचा सावळा रंग लांबून सारखा दिसला तरी एकीत पिवळेपण असते, दुसरीत तांबूसपण. बेस चुकला तर चेहरा राखेसारखा दिसतो. डोळ्यांखालचे निळसर काळेपण नारिंगी छटेने मारतात, मुरुमांची लाली हिरव्या छटेने, कारण रंगचक्रात ते एकमेकांसमोर येतात. मराठी नवरीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न असतो. आदल्या दिवशीची हळद त्वचेत उतरलेली असते, आणि ती हिशेबात न धरता बेस लावला तर फोटोत चेहरा आणि मान यांचे रंग वेगळे येतात. मुंडावळ्या कपाळावर कुठे टेकणार, नथीची तार कुठे घासणार, अक्षता पडताना आणि डोळे भरून येताना काय टिकेल, याचा विचार पहाटे ब्रश उचलण्यापूर्वीच करायचा असतो.

इथेच एक स्पष्ट बोलायला हवे. ‘दोन शेड उजळ करा’ ही मागणी तुम्हाला पहिल्याच लग्नसराईत ऐकू येईल, बहुधा नवरीच्या नव्हे तर तिच्या मावशीच्या तोंडून. ग्राहकाशी वाद घालणे धंद्यात परवडत नाही, हे खरे. पण गळ्यापाशी संपणारा उजळ मुखवटा हे कसबाच्या दृष्टीनेही खोटे काम आहे. ट्रायलच्या दिवशी अर्धा चेहरा तिच्या स्वतःच्या छटेत आणि अर्धा मागणीप्रमाणे करून दिवसाच्या उजेडात आरशासमोर बसवा. बहुतेक वेळा निकाल ती स्वतःच देते.

आता स्वच्छता. हाताचा परवाना सगळ्यांत आधी इथे मिळतो आणि इथेच जातो. एकाच्या डोळ्याला लावलेली मस्काऱ्याची कांडी दुसऱ्याला लावली तर डोळे येण्याची साथ युनिटभर फिरू शकते. म्हणून टाकून देता येणाऱ्या कांड्या वापरायच्या. लिपस्टिक थेट ओठावर टेकवायची नाही, स्पॅट्युलाने स्टीलच्या पॅलेटवर काढून ब्रशने लावायची. ब्रश प्रत्येक चेहऱ्यानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे आणि दिवसअखेर साबणाने धुऊन आडवे वाळवायचे. उघडलेल्या डबीच्या झाकणाचे चित्र आणि त्यावर ‘१२ एम’ असे लिहिलेले असेल, तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ती संपवायची असते. उघडल्याची तारीख डबीच्या बुडाला लिहून ठेवा. नवे गोंद, लेटेक्स किंवा कोणतेही नवे प्रसाधन चेहऱ्यावर नेण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ ते ४८ तास थांबायचे. समोरच्याला ॲलर्जी आहे का, डोळ्यांत लेन्स आहे का, त्वचेवर काही औषध चालू आहे का, हे विचारून लिहून ठेवायचे. नागीण किंवा उघडी जखम दिसली तर काम नाकारण्याचे धैर्यही हवे. मुरदाडशिंगाच्या काळात कारागिराला पर्याय नव्हता. आज माहितीही आहे आणि साधनेही, तेव्हा सबब उरत नाही.

कामाच्या वाटा पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा आहे. सर्वांत जास्त पैसा आज लग्नात आहे, पण तो हंगामी आहे. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते, पावसाळ्यात डायरी कोरी पडते. मुहूर्त सकाळचा असला तर तुम्हाला पहाटे चारला हॉलवर पोचायचे असते आणि नवरीसोबत करवली, आई, वरमाय यांचेही चेहरे करायचे असतात, म्हणून हाताखाली एक जण तरी हवा. मालिका हे नियमित काम आहे. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी, ठाण्याचा घोडबंदर भाग, मीरा रोड, कोल्हापूरची चित्रनगरी, साताऱ्याच्या आसपासची गावे इथे युनिट महिनोन्‌महिने असतात. शिफ्ट लांब, चेहरे तेच, शिस्त मोठी. चित्रपटात काम तुकड्यातुकड्यांनी मिळते आणि लुक टेस्टपासून ते शेवटच्या पॅचवर्कपर्यंत चालते. जाहिरातीत एका दिवसाचे पैसे चांगले, पण ओळखीशिवाय प्रवेश अवघड. वृत्तवाहिन्यांत पाळ्यांची नोकरी असते. वीस मिनिटांत तीन चेहरे बसवण्याचा वेग तिथे येतो. मोठ्या ब्रँडच्या काउंटरवर विक्रीसोबत रोज अनोळखी चेहऱ्यांवर हात चालतो, आणि नवख्यासाठी ती उत्तम तालीम असते.

दोन वाटांकडे नवखे सहसा पाहत नाहीत. एक हौशी रंगभूमीची. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलने, शिवजयंतीच्या मिरवणुका यांसाठी जिल्ह्याच्या गावी एखादा तरी रंगभूषाकार राबत असतो. पैसे थोडे, पण एका संध्याकाळी मावळा, म्हातारा, वाघ आणि राणी असे चार चेहरे करायला मिळतात आणि तेही मागच्या रांगेतून वाचता येतील असे. दुसरी वाट त्वचेवरचे डाग झाकण्याच्या विशेष रंगभूषेची. कोड, भाजल्याचे व्रण, शस्त्रक्रियेच्या खुणा असलेल्या माणसांना त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने अशी रंगभूषा स्वतः करायला शिकवता येते. तिथे टाळ्या नाहीत. पण समोरचा माणूस पुन्हा बाहेर पडू लागतो आणि या कामाची गरज मोठी असून हात थोडे आहेत.

काम मिळवायचे तर पोर्टफोलिओ हवा. त्यात गुळगुळीत केलेले फोटो घालू नका. जाणकार माणूस ते एका नजरेत ओळखतो. तोच चेहरा कामाआधी, कामानंतर आणि सहा तासांनी, असे तीन फोटो द्या. वेगवेगळ्या वर्णांचे आणि वयांचे चेहरे ठेवा, पुरुषांची दाढी-मिशी ठेवा, एखादी जखम ठेवा. दुसऱ्याच्या हाताखाली केलेले काम असेल तर तसे लिहा. हे क्षेत्र तोंडोतोंडी चालते. वेळेवर येणे, रंगपटात ऐकलेले बाहेर न बोलणे आणि मेकअपच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला घाई जाणवू न देणे, या तीन गोष्टींनी मिळवलेली शिफारस कोणत्याही पदविकेहून लांब पोचते.

पैशांचा व्यवहार कागदावर ठेवा. लग्नाचे काम बयाणा घेतल्याशिवाय तारखेला बांधू नये. ट्रायल, प्रवास, जादा चेहरे आणि रद्द झाल्यास काय, हे संदेशात तरी लिहून घ्यावे. निर्मितीसंस्थांकडून पैसे यायला महिने लागतात आणि टीडीएस कापून येतात, तेव्हा बिले क्रमांक घालून जपा आणि विवरणपत्र भरा. स्वतःचा स्टुडिओ काढायचा तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे थोडे कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि बँकेकडे जाताना उपयोगी पडते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागू होतो. मात्र घरी केलेले काजळ किंवा लिप बाम ग्राहकांना विकू लागलात की तुम्ही उत्पादक ठरता आणि सुरुवातीला सांगितलेला डबीचा परवाना तुम्हालाही लागतो.

परदेशी जाणाऱ्या मराठी मुलामुलींनी एवढे ध्यानात ठेवावे की, तिथे अनेक ठिकाणी हातालाच परवाना लागतो. अमेरिकेत तो राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात पैसे घेऊन नवरीचा मेकअप करायचा तर राज्याच्या मंडळाचा परवाना हवा. त्वचेच्या निगेपुरत्या परवान्यासाठी ६०० तासांचे शिक्षण लागते. केसांसह सगळे करता येणाऱ्या परवान्याची अट पूर्वी १६०० तासांची होती, ती २०२२ पासून १००० तासांवर आली. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि नाटकात काम करणाऱ्यांना मात्र त्यातून सूट आहे. तिथे १९३७ पासूनची युनियन, लोकल ७०६, आपली पात्रता पाहते. म्हणजे भारतातल्या पदविकेवर विसंबून तिथल्या नातेवाइकांच्या लग्नात व्यवसाय म्हणून ब्रश उचलू नये.

उद्या आपल्याकडेही असा परवाना यावा का? माझे मत असे की यावा, पण त्याची परीक्षा कोण घेतो आणि काय तपासतो, यावर सगळे अवलंबून राहील. त्या परीक्षेत त्वचेची सुरक्षितता पहिली असावी. ब्रश कसा धुतला ते पाहावे. दुसरी परीक्षा उजेडाची असावी : एकच चेहरा तीन प्रकाशांत उभा करून दाखवायचा. तिसरी, महाराष्ट्रात भेटणाऱ्या सर्व वर्णांच्या त्वचांवर सारख्याच प्रामाणिकपणे काम करता येते का, याची. अर्जदार स्त्री आहे की पुरुष, कुठल्या गावचा, कोणाचा शिष्य, हे रकाने त्या अर्जात नसावेत. असा परवाना येईपर्यंत हे तीन पेपर तुम्ही स्वतःला घालू शकता. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा : तारीख, चेहरा, त्वचेची माहिती, उजेड, वापरलेली प्रसाधने, किती वेळ टिकले, काय बिघडले. पंढरीदादांच्या, बोरकरांच्या पिढीचे ज्ञान बरेचसे बोटांत राहिले आणि बोटांबरोबर गेले. मराठीत त्याचे लिखाण फार थोडे आहे. तुमच्यासारख्या शंभर जणांनी अशा वह्या दहा वर्षे ठेवल्या, तर परवाना ठरवणाऱ्या मंडळाला अभ्यासक्रम परदेशातून आणावा लागणार नाही. या क्षेत्रात तुमचे स्वागत आहे. वही आजच घ्या.